स्विचिंग टाइम रोज वेगळा येतो आणि मे महिन्यात सेल चालतच नाही : कुठून तपासायला सुरुवात करावी

दरवर्षी एप्रिल संपत आला की आमच्या प्रयोगशाळेच्या दारातून एकच वाक्य आत येते : "मॅडम, सेल गेला." यंदाही आले. प्रकल्पासाठी ५सीबी या लिक्विड क्रिस्टलचा सेल (दोन काचांच्या बारीक फटीत भरलेला नमुना, ज्यातून जाणारा प्रकाश व्होल्टेजने बदलतो) मोजणाऱ्या विद्यार्थिनीला सकाळी साडेआठला सुरेख ट्रेस मिळाला होता. दुपारी अडीचला तोच सेल, तोच लेसर, तेच व्होल्टेज, आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर आडवी रेघ. तिने क्लिपा बदलल्या, केबल बदलली, शेजारच्या टेबलावरचा फंक्शन जनरेटर आणून लावला. मी पोचले तेव्हा ती सेल टाकून देऊन नवा भरायच्या तयारीत होती.

मी तिला भिंतीवरचा थर्मामीटर बघायला सांगितले. लाइन गेल्यामुळे एसी दीड तास बंद होता. खोली ३८ अंशांवर होती.

५सीबी ३५ अंशांच्या थोडे वर गेले की नेमॅटिक (लांबट रेणू एकाच दिशेला रोखलेला द्रव) राहत नाही. रेणूंची सामाईक दिशा मोडते, पदार्थ साध्या द्रवासारखा होतो, आणि दिशाच नसेल तर व्होल्टेज लावून वळवायचे काय? एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरांमध्ये असा सेल काळाकुट्ट दिसतो आणि काही केले तरी काळाच राहतो. सेलला काहीही झाले नव्हते. संध्याकाळी खोली २६ वर आली तेव्हा त्याच सेलने सकाळचाच ट्रेस दिला.

या पदार्थाचा जन्म थंड मुलखातला. जॉर्ज ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडातल्या हल विद्यापीठात सायनोबायफिनाइल कुळातले हे रेणू बनवले. खोलीच्या तापमानाला टिकणारा, न सडणारा नेमॅटिक हाती आला आणि घड्याळांच्या, कॅल्क्युलेटरांच्या डिस्प्लेचा मार्ग मोकळा झाला. पण तिथली खोली म्हणजे विशीतले तापमान. ५सीबीची नेमॅटिक पट्टी साधारण २४ ते ३५ अंशांची आहे. नागपुरात जानेवारीच्या सकाळी आपण त्या पट्टीच्या खाली असतो आणि नवतप्यात दिवसभर वर. म्हणून शोधनिबंधात 'खोलीच्या तापमानाला मोजले' असे वाचले की ते वाक्य आपल्याला लागू नाही असे समजूनच पुढे वाचायचे.

आडवी रेघ ओळखायला सोपी. खरा त्रास त्याच्या अलीकडचा आहे : सेल चालतो, पण स्विचिंग टाइम, म्हणजे व्होल्टेज बदलल्यावर रेणू वळायला लागणारा काळ, सोमवारी ३३ मिलिसेकंद, मंगळवारी २७, बुधवारी ४१. किंवा थ्रेशोल्ड (रेणू वळू लागतात ते किमान व्होल्टेज) पुस्तकात ०.७८ व्होल्ट आणि आपला ०.४. मग मुले पदार्थावर संशय घेतात, बाटली खराब आहे म्हणतात, नवी मागवा म्हणतात. माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की पदार्थाची पाळी सगळ्यात शेवटी येते. आधी तापमान, मग व्होल्टेज, मग प्रकाश मोजणारी बाजू, मग जाडी. याच क्रमाने जा. सगळे एकदम बदलू नका, कारण चार गोष्टी बदलून ट्रेस सुधारला तर कशाने सुधारला हे कधीच कळत नाही.

आधी दोन आकडे वेगळे करा

समांतर जुळवणीचा, म्हणजे रेणू काचेला समांतर एका दिशेत असलेला, साधा नेमॅटिक सेल घेऊ. थ्रेशोल्ड व्होल्टेज म्हणजे पाय गुणिले एक वर्गमूळ. वर्गमूळात वर स्प्लेचा (रेणूंच्या पंख्यासारख्या पसरण्याचा) इलॅस्टिक कॉन्स्टंट, खाली निर्वात परमिटिव्हिटी गुणिले डायइलेक्ट्रिक अनायसोट्रॉपी (रेणूंच्या दिशेने आणि तिच्या आडव्या दिशेने मोजलेल्या परमिटिव्हिटीतला फरक). ५सीबीसाठी २५ अंशांना इलॅस्टिक कॉन्स्टंट सुमारे ६ पिकोन्यूटन आणि अनायसोट्रॉपी ११ ते १२ धरली की ०.७५ ते ०.८ व्होल्ट आरएमएस (बदलत्या व्होल्टेजचे परिणामकारक मूल्य) येते. या सूत्रात जाडी कुठेच नाही. ५ मायक्रॉनचा सेल असो की २० चा, थ्रेशोल्ड तोच यायला हवा.

व्होल्टेज काढल्यावर सेल मूळ स्थितीला यायला लागणारा काळ मात्र जाडीवरच नाचतो. तो म्हणजे रोटेशनल व्हिस्कॉसिटी गुणिले जाडीचा वर्ग, भागिले इलॅस्टिक कॉन्स्टंट गुणिले पायचा वर्ग. व्हिस्कॉसिटी ०.०८ पास्कल-सेकंद धरली तर ५ मायक्रॉनला सुमारे ३४ मिलिसेकंद, ६ मायक्रॉनला ४९, १० मायक्रॉनला १३५ च्या आसपास. या सूत्रात व्होल्टेज नाही.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की निम्मे निदान तिथेच होते. थ्रेशोल्ड बरोबर आणि काळ चुकला, तर जाडी, तापमान किंवा काळ काढण्याची पद्धत बघा. व्होल्टेजच्या वायरिंगला हात लावू नका. थ्रेशोल्ड बरोबर दुप्पट किंवा निम्मा आला तर पदार्थ सोडा, जनरेटरकडे वळा. थ्रेशोल्ड दिवसभर हळूहळू सरकतो आहे, व्होल्टेज चढवताना एक आणि उतरवताना दुसरा येतो आहे, तर सेलमध्ये आयन फिरत आहेत किंवा डीसी घुसला आहे. म्हणून नुसता स्विचिंग टाइम मोजून थांबू नये. रोज सकाळी आधी थ्रेशोल्डचा आलेख काढावा, दहा मिनिटांचे काम आहे.

तापमान : सेललाच विचारा

हॉट स्टेजचा (सेल ठेवायच्या तापवत्या ठोकळ्याचा) कंट्रोलर ३०.० दाखवतो म्हणजे सेल ३०.० वर आहे असे होत नाही. थर्मोकपल धातूच्या ठोकळ्यात असतो, लिक्विड क्रिस्टल दोन काचांच्या मधल्या पाच-दहा मायक्रॉनच्या फटीत, आणि वरच्या काचेवरून खोलीची हवा वाहते. दोन-तीन अंशांचा फरक अगदी सहज पडतो, आणि ५सीबीमध्ये तेवढ्यात नेमॅटिक पट्टीचा चौथा हिस्सा निघून जातो.

तापमापक यंत्र किती आत्मविश्वासाने चुकू शकते, हे नागपूरकरांना सांगायला नको. २०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठेजवळच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान खात्याने सेन्सरमध्ये बिघाड असल्याचे सांगितले. आपल्या टेबलावरच्या सेन्सरची अशी चौकशी कोणी बाहेरचा माणूस करणार नाही. ती आपणच करायची, आणि त्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही.

स्वच्छ काचपट्टीवर ताज्या बाटलीतला ५सीबीचा एक थेंब घ्या, वर कव्हरस्लिप ठेवा, आणि ही पट्टी सेलच्या जागी, अगदी त्याच ठिकाणी स्टेजवर बसवा. पोलरायझर एकमेकांशी काटकोनात ठेवून मायक्रोस्कोपमधून बघत राहा. ३३ पर्यंत नेहमीच्या वेगाने जा, तिथून पुढे मिनिटाला ०.१ अंशापेक्षा जास्त नको. आधी नेमॅटिकचे काळे ब्रश आणि बारीक धागे दिसतात. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रीडेल यांनी १९२२ मध्ये 'नेमॅटिक' हे नाव ग्रीकमधल्या धाग्याच्या शब्दावरून ठेवले ते या धाग्यांमुळेच. मग रंग फिके होत जातात, आणि एका क्षणी काळे डाग उमटून एकमेकांत मिसळतात, सगळे क्षेत्र विझते. थंड करताना उलटे होते : काळ्या पडद्यावर पहिल्या सरीसारखे टपोरे उजळ थेंब पडू लागतात. मी हे शेकडो वेळा पाहिले आहे आणि अजूनही त्या थेंबांसाठी डोळा नेत्रिकेवरून हलवावासा वाटत नाही.

कंट्रोलरने त्या क्षणी काय दाखवले ते लिहून ठेवा. शुद्ध ५सीबीला हा बदल ३५ अंशांच्या किंचित वर होतो. तुमच्या कंट्रोलरने ३७.६ दाखवले असेल तर स्टेज सुमारे सव्वादोन अंश जास्त सांगतो आहे, आणि आजपासून तेवढे वजा करायचे.

आता थेंब काढून मोजमापाचा सेल ठेवा आणि हेच परत करा. इथे दुसरी माहिती मिळते. सेलही त्याच आकड्याला विझला, चटकन विझला, तर आतला पदार्थ निरोगी आहे. तो एक-दीड अंश आधीच विझू लागला आणि विझायची क्रिया एखाद्या अंशभर रेंगाळली, काळे-पांढरे बराच वेळ एकत्र दिसत राहिले, तर आत काहीतरी मिसळले आहे : न वाळलेला इपॉक्सी, काच धुताना राहिलेला अॅसिटोन, किंवा दुसराच लिक्विड क्रिस्टल. एका परीक्षेत स्टेजची चूकही कळते आणि सेलची तब्येतही. दर सोमवारी करायला काही हरकत नाही. आमच्याकडे ती आता सक्तीची आहे.

मग तापमान कितीवर ठेवायचे? हॉट स्टेज फक्त तापवतो, गार करत नाही. खोली ३४ वर असेल आणि कंट्रोलरवर ३० लावले तर तो हीटर बंद करून गप्प बसतो आणि सेल खोलीबरोबर तरंगत राहतो. खोलीपेक्षा निदान चार-पाच अंश वरचे तापमान लावा, तरच कंट्रोलरला काम करायला जागा मिळते. एसीने खोली २४-२५ ला ठेवता येत असेल तर ५सीबीसाठी ३० ठीक. एसी नसेल तर उन्हाळ्यात ५सीबी मोजू नका, असे मी स्पष्टच सांगते. ई-७ नावाचे तयार लिक्विड क्रिस्टल मिश्रण घ्या. त्या मिश्रणात ५सीबीच मुख्य घटक आहे, पण ते साठीच्या आसपास विझते, म्हणजे मे महिन्यातही वीसेक अंशांची मोकळीक राहते. तापमानाचा परिणाम मात्र ई-७ मध्येही चुकत नाही : २० अंशांवरून ४० वर गेलात की परतीचा काळ जवळपास निम्म्यावर येतो, कारण व्हिस्कॉसिटी इलॅस्टिक कॉन्स्टंटपेक्षा फार वेगाने पडते. डिसेंबरात घेतलेला ट्रेस आणि एप्रिलमधला ट्रेस एकाच आलेखावर मांडायचे असतील तर विझण्याच्या तापमानाच्या किती अंश खाली मोजले, तो आकडा दोघांचा सारखा असायला हवा.

कूलरबद्दल एक गोष्ट. बऱ्याच प्रयोगशाळांत अजून खिडकीत मोठा कूलर असतो आणि त्याचा झोत थेट ऑप्टिकल टेबलावर येतो. झोत वरच्या काचेवर आला की सेलचे तापमान हवेच्या हेलकाव्यांबरोबर हलते, आणि शून्य व्होल्टची प्रकाशाची पातळी मिनिटामिनिटाला वरखाली होते. पंप सुरू होताना ट्रेसवर एक टाचणीसारखा काटाही येतो. कूलर बंद करा असे मी मे महिन्यात कोणाला सांगणार नाही. सेलभोवती पुठ्ठ्याचा काळा खोका घाला, लेसर आत यायला आणि बाहेर जायला दोन भोके ठेवा. आमचा खोका बुटांचा आहे, आतून काळा रंग दिलेला. शून्य व्होल्टची रेघ त्याने शांत झाली.

शून्य व्होल्टची पातळी सरकते आहे ती सेलमुळे की लेसरमुळे, हे ओळखणे सोपे आहे : सेल काढा, पोलरायझर समांतर करा, दहा मिनिटे नुसता लेसर नोंदवा. तीही रेघ सरकली तर दोष लेसरचा. ध्रुवीकरण न केलेली ही-नी (हीलियम-निऑन लेसरची) नळी तापेपर्यंत पोलरायझरमागे हमखास डुलते. तिला अर्धा तास आधी सुरू करून ठेवा.

व्होल्टेज : दाखवतो ते आणि पोचते ते

थ्रेशोल्ड ०.४ च्या आसपास आला असे कोणी सांगितले की मी एकच प्रश्न विचारते : जनरेटरचा लोड कितीवर ठेवला आहे? बहुतेक फंक्शन जनरेटर पुढे ५० ओहमचा भार आहे असे गृहीत धरून पडद्यावरचा आकडा दाखवतात. आपल्या सेलचा रोध ५० ओहमपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे त्यावर दाखवल्याच्या दुप्पट व्होल्टेज पडते. मेनूमध्ये 'हाय-झेड' निवडा, किंवा पडद्यावर विश्वास न ठेवता सेलच्या दोन टोकांवर स्कोप लावून वाचा.

त्याच्या जोडीला पीक-टू-पीक आणि आरएमएसचा घोळ असतोच. चौकोनी लहरीचा आरएमएस म्हणजे पीक-टू-पीकच्या निम्मा. साइन लहरीचा त्याहून कमी, पीक-टू-पीक भागिले २.८३. नेमॅटिकला आरएमएस कळतो. आणि साध्या मल्टिमीटरने चौकोनी लहर मोजू नका : जो मीटर सरासरी मोजून साइनचा आकडा दाखवतो तो चौकोनी लहरीला ११ टक्के जास्त सांगतो, आणि एक किलोहर्ट्झला तर अनेक स्वस्त मीटर मुळातच नीट वाचत नाहीत. वर 'ट्रू आरएमएस' लिहिले आहे का ते बघा, आणि किती फ्रिक्वेन्सीपर्यंत हे त्याच्या पुस्तिकेत बघा.

मल्टिमीटरचा खरा उपयोग दुसऱ्या कामाला आहे. लहर चालू ठेवून तोच मीटर डीसीवर करून सेलवर लावा. आकडा काही मिलिव्होल्टच्या आत असला पाहिजे. ऑफसेटची कळ चुकून थोडी फिरलेली असते आणि ०.३ व्होल्ट डीसी दिवसभर सेलवर बसून राहतो. त्याने काय होते? पदार्थात थोडेफार आयन असतातच. डीसीने ते दोन्ही काचांकडे जाऊन बसतात, आतले क्षेत्र झाकतात, थ्रेशोल्ड सरकतो, चढ-उताराचे आलेख जुळत नाहीत. आठवडाभर असे चालले तर इलेक्ट्रोडजवळ रासायनिक बिघाडही होतो आणि तो परत फिरत नाही. शंका असेल तर सेलच्या दोन्ही क्लिपांची अदलाबदल करा. आलेख बदलला तर डीसी आहे.

आयनांसाठी याहून चांगली परीक्षा फ्रिक्वेन्सीची. एक किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीवर थ्रेशोल्ड काढा, मग ५० हर्ट्झवर काढा. स्वच्छ सेलमध्ये दोन्ही जवळपास सारखे येतात. ५० हर्ट्झला थ्रेशोल्ड वर गेला आणि प्रत्येक अर्ध्या लहरीत प्रकाश हळूहळू ढळताना दिसला, तर आयन जास्त आहेत. आमच्याकडे अशा सेलांचे मूळ दोनच ठिकाणी सापडले : इपॉक्सी पूर्ण वाळण्याआधी सेल भरला, किंवा पावसाळ्यात पॉलिइमाइडचा (रेणूंना दिशा देणाऱ्या प्लास्टिकचा) थर दिलेल्या काचा भट्टीतून काढून रात्रभर उघड्या ठेवल्या. जुलैत काचा भट्टीतून काढल्या की थेट सिलिका जेलच्या डब्यात जाऊ द्या, आणि जेल गुलाबी झाले असेल तर आधी ते भाजा.

ट्रेसमध्ये दोन-तीन शिखरे येतात त्याचे काय

या जागी सगळ्यात जास्त आकडे चुकतात, आणि चुकले हे कळतही नाही. म्हणून इथे जरा थांबू.

प्रकाश किती जाईल हे सेलच्या फेजवर, म्हणजे प्रकाशाचे दोन आडवे-उभे घटक सेलमधून जाताना एकमेकांच्या किती मागेपुढे पडतात त्यावर ठरते, आणि ते नाते साइनच्या वर्गाचे आहे. १० मायक्रॉनचा ५सीबीचा सेल घ्या. २५ अंशांना बायरिफ्रिन्जन्स (त्या दोन घटकांच्या अपवर्तनांकांतला फरक) सुमारे ०.१८, म्हणजे पथफरक १.८ मायक्रॉन, म्हणजे ही-नीच्या ६३२.८ नॅनोमीटरच्या पावणेतीनपट आणि वर थोडे. व्होल्टेज लावले की हा पथफरक शून्याकडे जातो, आणि जाताना प्रकाश दोन-तीनदा उजळतो, विझतो, उजळतो. ट्रेस डोंगररांगेसारखा दिसतो. आता यावर दहा टक्के ते नव्वद टक्के असा काळ काढायचा म्हणजे नेमका कुठला चढ धरणार? मुले शेवटचा चढ धरतात. तो चढ म्हणजे पूर्ण वळणाचा एक छोटा तुकडा असतो.

आणि इथेच तापमान परत घुसते. बायरिफ्रिन्जन्स तापमानाबरोबर घटतो, विझण्याच्या बिंदूजवळ फार वेगाने घटतो. सकाळी जिथे शिखर होते तिथे दुपारी उतार असतो. सेलचा खरा परतीचा काळ दहा-वीस टक्केच बदललेला असतो, पण दहा-नव्वदचा आकडा पार निम्मा किंवा दीडपट होऊन बसतो. सोमवार-मंगळवार-बुधवारची ती गोष्ट बहुतेक वेळा हीच असते.

उपाय असा. मूळ ट्रेस जपून ठेवा, त्यातली शिखरे आणि दऱ्या मोजा, आणि प्रकाशावरून फेज काढा. प्रत्येक शिखर-दरीच्या जोडीत पायचा फरक आहे एवढे लक्षात ठेवले की फेजचा सलग आलेख मिळतो. शून्य व्होल्टच्या पूर्ण फेजपासून ती किती कमी आहे, त्या फरकाचा लॉग काळासमोर मांडा. शेपटीचा भाग सरळ रेषा होतो, आणि तिच्या उतारावरून काळ मिळतो. एक सावधगिरी : हा फरक रेणूंच्या कोनाच्या वर्गाप्रमाणे चालतो, त्यामुळे त्याचा क्षयकाळ रेणूंच्या परतीच्या काळाच्या निम्मा असतो. ५ मायक्रॉनला सूत्र ३४ सांगते आणि तुम्हाला १७ मिळाले तर घाबरू नका, तुमचे मोजमाप बरोबर आहे. पण लिहिताना कुठला काळ लिहिता आहात ते लिहा. दोन विद्यार्थ्यांच्या आकड्यांत नेमका दुपटीचा फरक आला तर मी आधी हेच विचारते.

गणित टाळायचे असेल तर थ्रेशोल्डच्या जरा वर, १.२ पटीपर्यंतच व्होल्टेज लावून काढा. तेवढ्यात ट्रेस सहसा एका चढापलीकडे जात नाही आणि क्षय साधा मिळतो. पोलरायझर मात्र सेलच्या रबिंगशी (काच घासून रेणूंना दिलेल्या दिशेशी) ४५ अंशांवर आहेत ना, ते पाहा.

ट्विस्टेड सेलवर (ज्यात रेणूंची दिशा एका काचेपासून दुसरीपर्यंत पीळ घेते) काम करणाऱ्यांसाठी एवढेच : मोठे व्होल्टेज एकदम काढल्यावर ट्रेस मध्येच उलटी उसळी घेतो. तो बिघाड समजू नये. आतला द्रव वाहतो आणि रेणूंना क्षणभर उलट ढकलतो, म्हणून तसे होते.

फोटोडायोड आणि जाडी

फोटोडायोडची परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. सेल बाजूला ठेवा, एक साधा लाल एलईडी त्याच जनरेटरने चौकोनी लहरीवर उघडझाप करा आणि त्याच डायोडने, त्याच केबलने, त्याच लोडने बघा. एलईडीला मायक्रोसेकंदसुद्धा लागत नाही. स्कोपवर चढ जितका रेंगाळतो तितका तुमच्या मोजणाऱ्या बाजूचा आळस. बीपीडब्ल्यू ३४ सारख्या डायोडची धारिता ७० पिकोफॅरड, एक मीटर केबलची शंभरेक, आणि त्यावर १ मेगाओहमचा लोड (रोध), म्हणजे वेळ ०.२ मिलिसेकंदाच्या आत. नेमॅटिकला चालेल. सिग्नल लहान दिसतो म्हणून कोणी १० मेगाओहम लावला की दोन मिलिसेकंद झाले. फेरोइलेक्ट्रिक सेल, ज्यांचे वेगवान स्विचिंग क्लार्क आणि लागरवाल यांनी १९८० मध्ये दाखवले, मायक्रोसेकंदांत वळतात. तिथे १ मेगाओहमसुद्धा फार, काही किलोओहमवर या आणि अॅम्प्लिफायर वापरा.

मोठ्या लोडचा दुसरा तोटा म्हणजे डायोड भरून जातो आणि ट्रेसचा माथा कापल्यासारखा सपाट होतो. लेसरसमोर एक जादा फिल्टर धरून प्रकाश निम्मा करा. ट्रेस आकाराने तोच राहून निम्मा झाला पाहिजे. आणि ट्रेसवर दर १० मिलिसेकंदांनी एक लाट दिसत असेल तर ती खोलीच्या दिव्यांची आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. दिवे बंद करा. तो पुठ्ठ्याचा खोका इथेही कामाला येतो.

जाडी सेल भरण्याआधीच मोजायची असते, भरल्यावर ते फार अवघड. रिकाम्या सेलमधून स्पेक्ट्रोमीटरने प्रकाश पाठवला की लाटा दिसतात. दोन शिखरांच्या तरंगलांबींचा गुणाकार, गुणिले त्यांच्यामधल्या लाटांची संख्या, भागिले तरंगलांबींच्या फरकाच्या दुप्पट, एवढे केले की जाडी मिळाली. स्पेसर (दोन काचांत ठरावीक अंतर ठेवणारे कण) ५ मायक्रॉनचे घातले म्हणजे सेल ५ चा झाला असे नसते. गोंदाच्या बाजूला तो सहज ५.५ असतो, आणि दहा टक्के जाडी म्हणजे काळात २१ टक्के. रिकामा सेल ट्यूबलाइटखाली तिरका धरा : एक-दोन रंगीत पट्टे दिसले तर ठीक, गर्दी करून पट्टे आले तर सेल पाचरीसारखा आहे, भरू नका. भरलेल्या सेलवर लेसर कुठे पडतो ते ठिकाण मार्करने काचेवर ठिपका देऊन ठेवा. सेल काढून परत लावताना दोन मिलिमीटर सरकला आणि काळ बदलला, हे मी फार वेळा पाहिले आहे.

आता बाटली

इतके सगळे बरोबर निघाले आणि तरी आकडे हलत असतील तरच बाटलीकडे वळा. जानेवारीच्या सकाळी ५सीबीची बाटली अर्धी गोठलेली, पांढरट दिसू शकते. कधी ती गोठतही नाही, तापमान खाली जाऊनही द्रवच राहते आणि हलवल्यावर एकाएकी गोठते. शुद्ध ५सीबीला त्याने काही बिघडत नाही, कोमट करा आणि वापरा. ई-७ सारख्या मिश्रणाचे मात्र तसे नाही. थंडीत एखादा घटक वेगळा होऊन खाली बसला आणि वरचा थेंब तुम्ही घेतला, तर तुमच्या सेलमध्ये ई-७ नसतेच. अख्खी बाटली ६५-७० अंशांपर्यंत तापवून, पूर्ण पारदर्शक झाल्यावर हलवून, मगच थेंब घ्या. सेलही त्याच गरम स्थितीत भरा आणि सावकाश गार होऊ द्या, नाहीतर आत शिरताना वाहण्याच्या खुणा जुळवणीत राहून जातात.

कोणा जाणत्याकडे ट्रेस घेऊन विचारायला जाणार असाल तर त्याच्यासोबत एवढे घेऊन जा : खोलीचे तापमान, स्टेजचे तापमान, सेल कितीला विझला, थ्रेशोल्ड एक किलोहर्ट्झला आणि ५० हर्ट्झला, सेलवरचा डीसी, रिकाम्या सेलची जाडी, डायोडवरचा लोड. त्या विद्यार्थिनीच्या वहीत आता प्रत्येक पानाच्या वर हे रकाने आखलेले असतात. मागच्या आठवड्यात ती दारात आली ती "सेल ३४.१ ला विझतो आहे, आणि फार रेंगाळून" असे सांगत. आम्ही इपॉक्सीचा डबा उघडून बघितला. हार्डनर तळाशी घट्ट होऊन बसला होता.